चपलांची ओळ

आमच्या शाळेत वर्गात चप्पल घालून यायचं नाही. हा नियम कुणी केला ते मला ठाऊक नाही. मी बदली होऊन आले तेव्हा होता, आजही आहे. झाडायला शिपाई नाही, चौथीच्या पोरी आळीपाळीनं झाडतात, तेव्हा नियम चांगलाच म्हणायचा. पोट्टे धावत येतात, दाराशी पाय झटकतात, एक चप्पल इकडे उडते, दुसरी तिकडे, आणि आत पळतात. त्या पसाऱ्यावर मी वर्षानुवर्षं ओरडले. मानोरा तालुक्यातल्या दोन खोल्यांच्या शाळेत ओरडायला कारणं पुष्कळ, पण माझा दिवस चपलांवरूनच सुरू व्हायचा.

राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो, हे आधीच सांगून टाकते. नंतर कुणी म्हणायला नको की मॅडमनं स्वतःला लय गोड रंगवलं. एका लेकराची जबाबदारी मी चारचौघांत घेतली होती आणि ती मला पेलली नाही, एवढ्यासाठी हे लिहिते आहे. घरात कुणाला हे पूर्ण सांगितलेलं नाही. नवऱ्याला अर्धं ठाऊक आहे.

जूनमध्ये तिची आई तिला घेऊन आली. पोरगी आठ वर्षांची, पण कुठल्याच शाळेत टिकलेली नव्हती. अंगणवाडीतून परत पाठवलेली, मामाच्या गावच्या शाळेतून परत पाठवलेली. बाप पुण्याकडे बांधकामावर, दिवाळीला येणार. आई इथं निंदायला, सोंगायला जाणारी, कमरेला विळा अडकवूनच आलेली. पिशवीतून तिनं प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेलं प्रमाणपत्र काढलं. वाशीमच्या शिबिरात मिळालं होतं. त्यावर स्वमग्नता लिहिलं होतं.

"ते काई पागल नाई मॅडम," आई म्हणाली. "फकस्त तिले तिच्या हिशोबानं पायजे सारं. मी कामाले जातो तं इले कोठी ठेवू? घरात कडी लावून जा लागते. दिवसभर."

मी पोरीकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत नव्हती, माझ्या पायांकडे बघत होती. मी विचारलं, "नाव काय तुझं?" ती म्हणाली, "नाव काय तुझं." टिंगल नव्हती ती. तिच्या तोंडात दुसऱ्याचंच वाक्य जसंच्या तसं यायचं, चढउतारासकट. पुढे कित्येकदा मला माझाच आवाज तिच्या तोंडून ऐकायला मिळाला. तो ऐकून मला पहिल्यांदा कळलं की मी किती खेकसून बोलते.

पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी हेडसरांकडे, शाळेत माणसं एवढीच. ती माझ्या वर्गात आली आणि माझ्या नाकी नऊ आले. परिपाठाला साउंड बॉक्स लागला की ती कानावर हात ठेवून किंचाळायची, मग स्वतःच्या मनगटाला चावायची. तिथली कातडी घट्ट्यासारखी जाड झाली होती. खिचडीत वाटाणा दिसला की ताट उलथं. बाकावर बसवलं की पळून दाराशी. तिसऱ्या का चौथ्या दिवशी गर्दीत एकाचा धक्का लागला आणि ती त्याच्या दंडाला चावली. संध्याकाळी त्या पोराचा बाप आला, सोबत अजून चार जण.

शाळा समितीची बैठक कडुनिंबाखाली भरली. हेडसर भला माणूस, पण नोकरीत अलगद पाय टाकणारा. म्हणाले, "मॅडम, आपल्याले याचं ट्रेनिंग नाई. उद्या काई झालं तं आपल्या गळ्याशी येईन." तिची आई खाली बसली होती, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. पोरगी तिच्या शेजारी, मातीत रेघा ओढत.

मला काय झालं कोण जाणे. मी उभी राहून म्हणाले, "माझ्या जबाबदारीवर राहू द्या तिला."

अध्यक्ष माझ्याच वयाचे. पान थुंकून आले आणि म्हणाले, "ठीक हाये मॅडम. तुमच्या शबुदावर ठेवू. पन आता एकडाव जरी कोनाले चावली, तं मंग आमाले काई सांगू नका. ते घरी बसन." मी हो म्हटलं. तिच्या आईनं माझ्याकडे जे पाहिलं, ते मी विसरले नाही.

मला काय झालं कोण जाणे, असं मी म्हटलं खरं, पण मला ठाऊक आहे. आम्ही बौद्ध. धर्मांतराच्या आधीची गोष्ट, माझे बाबा धनजकडच्या एका गावात शाळेत जायला लागले, तेव्हा त्यांना वर्गाबाहेर बसवत. दाराशी, जिथं बाकीची पोरं चपला-जोडे काढायची तिथं. बाबा ही गोष्ट कधी रडून सांगायचे नाहीत, हसून सांगायचे. "मास्तर आत पाढे शिकवे, मी बाहीर जोडे मोजू मोजू गनित शिकलो." पुढे ते शिकले, नोकरीला लागले, आम्हा तिघी बहिणींना शिकवलं. कुणाचंही लेकरू शाळेच्या दाराबाहेर राहणार असेल तर माझं डोकं फिरतं, ते असं घरातूनच आलेलं आहे.

आणि ती पोरगी दाराबाहेरच सापडली मला.

बैठकीनंतर एका सकाळी परिपाठाला ती माझा हात सोडवून पळाली. मला वाटलं रस्त्याकडे गेली. पोहरादेवीकडे जाणाऱ्या गाड्या आमच्या फाटकासमोरून सुसाट जातात. मी धापा टाकत फाटकापर्यंत जाऊन आले, आणि बघते तो ही वर्गाच्या दाराशी उकिडवी बसलेली. चपला लावत होती. प्रत्येक जोडी जुळवून, टाचा भिंतीकडे, मध्ये चार बोटांचं अंतर. साउंड बॉक्सवर प्रार्थना चालू होती, आणि हिचे हात कानावर नव्हते. तोंडानं बारीक हूं हूं चाललं होतं.

मी काय केलं असेल? ओरडले. "हात घाण होतात ना माय, ऊठ." हात धरून ओढलं. तिनं लगेच मनगट तोंडात घातलं. मग मलाच लाज वाटली आणि मी सोडलं. ती परत बसली आणि राहिलेल्या तीन जोड्या लावूनच उठली. त्या दिवशी ती दुपारपर्यंत वर्गात बसली. नळावर हात धुवायला लावले की झालं, एवढी साधी गोष्ट होती.

त्या ओळीला एक क्रम आहे हे कळायला मला पंधरा दिवस लागले. पोरं वर्गात ज्या क्रमानं बसायची, त्याच क्रमानं चपला. एखादं लेकरू आलं नाही, तर त्याची जागा मोकळी. एकदा मी हजेरीपत्रक घेऊन दारातच उभी राहिले, ओळीकडे बघून हजेरी मांडली, मग आत जाऊन मोजलं. बरोबर. तेव्हापासून पोरं तिला हजेरीवाल्या मॅडम म्हणून चिडवायला लागली. पण ते चिडवणं वेगळं होतं. चपला उडवणं बंद झालं, तिच्या हाताशी नेऊन ठेवायला लागली. उलटी पडलेली चप्पल तर तिला एक क्षण सहन व्हायची नाही. आमच्याकडे उलटी चप्पल दिसली की घरात भांडण होतं म्हणतात, बायका येता-जाता पायानं सुलटी करतात. ही हातानं करायची. पोरं म्हणायची, "मॅडम, इच्यामुळे आपल्या शाळेत भांडनं नाई होत."

माझ्या चपला तपकिरी, उजवीचा अंगठा मोच्याकडून काळ्या दोऱ्यानं शिवून घेतलेला. त्या ती सगळ्यांच्या शेवटी, चौकटीला लावून, जरा वेगळ्या ठेवायची. घरी जाताना मला त्या नेहमी तिथंच, सरळ, टाचा भिंतीकडे करून मिळायच्या. इतक्या वर्षांच्या नोकरीत माझ्या चपला कुणी लावल्या नव्हत्या.

मग एके दिवशी तिनं एका गुलाबी चपलेवर बोट ठेवलं आणि नाव घेतलं. ती जिची होती तिचं नाव, स्पष्ट. शेजारच्या बाकावर बसणारी पोरगी, नेहमी हिला आपली पाटी पुसायला द्यायची. मी सरकून दुसऱ्या चपलेवर बोट ठेवलं. तिनं त्याही पोराचं नाव घेतलं. एकेक करत तिनं वर्गातली सगळी नावं घेतली. माणसांकडे मान वर करून कधी बघितलं नव्हतं तिनं, पण सगळ्यांना ओळखत होती. तुटका पट्टा, घासलेली टाच, सेफ्टी पिन लावलेली, भावाची मोठी, असं करून प्रत्येकाला धरून ठेवलं होतं.

संध्याकाळी तिच्या आईला हे दाखवलं. आई भिंतीला टेकून उभी राहिली. डोळ्यांतून पाणी, आणि तोंडानं मात्र म्हणते, "पाह्य वं माय. मले अजून आई म्हनत नाई, न् गावाचे नावं घेऊन राह्यली." आम्ही दोघी हसलो. मला त्या दिवशी फार बरं वाटलं, उगाच कशाला लपवू. घरी जाऊन मी नवऱ्याला म्हटलं, आज खरं शिकवलं मी.

महिन्यातून एकदा विशेष शिक्षिका यायच्या, पाच-सहा शाळा मिळून एकच. पोरीशी छान जमायचं त्यांचं. त्यांनी मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली. "मॅडम, तिच्यासाठी कोणताच बदल लहान नसतो. काहीही बदलायचं असेल तर आधी दाखवा, आधी सांगा. अचानक काही करू नका." मी वहीत लिहून त्याखाली लाल पेनानं रेघ मारली. वही अजून आहे माझ्याकडे.

आणि मला ते जमतही होतं. दिवाळी झाली की आमच्याकडची कुटुंबं ऊस तोडायला जातात, लेकरांना घेऊन. माझ्या वर्गातली सहा जाणार होती. सहा जोड्या एकदम गेल्या तर ओळीचं काय होणार, या विचारानं मला चैन पडेना. मग आठवडाभर आधी मी त्या सहा जणांना एकेक करून तिच्यासमोर उभं केलं. नदीतले सहा गोटे आणले. जे पोर जाणार, त्यानं आपली चप्पल उचलायची, त्या जागी गोटा ठेवायचा, आणि म्हणायचं, मी जातो, मी येतो. ती त्यांच्यामागून म्हणायची, मी जातो, मी येतो. गाड्या गेल्या त्या दिवशी ती जरा बावरली, दोनदा गोटे उचलून खाली ठेवले, पण चावली नाही. ओळीत सहा गोटे आणि बाकीच्या चपला. हेडसरांनी फोटो काढला त्याचा.

म्हणजे मला कळत होतं. हेच मला खातं. न कळून झालं असतं तर आज जेवण गोड लागलं असतं.

जानेवारीत बूट आले. सगळ्या लेकरांना काळे बूट आणि पांढरे मोजे. चांगलीच गोष्ट होती. काही पोरांनी जन्मात बूट घातला नव्हता. पोरं वास घेत होती, गालाला लावत होती. पण खोकी आली सकाळी दहाला आणि बारा वाजायच्या आत वाटपाचा फोटो ग्रुपवर टाकायचा होता. बाकीच्या शाळांचे फोटो धडाधड पडत होते. हेडसरांचा जीव खालीवर. "मॅडम, लवकर करा, आपलीच शाळा मांगं राह्यली." त्यात दोन मापं कमी निघाली, एका पोराचा मोजा हरवला, मी वैतागून गेले होते.

हेडसर म्हणाले, "थे फाटक्या चपला फोटोत नको दिसाले." मीच पोतं आणलं. मीच भरल्या. गुलाबी, भावाची मोठी, सेफ्टी पिनवाली, सगळ्या. पोतं खिचडीच्या खोलीत नेऊन टाकलं. गोटेही त्याच पोत्यात.

आणि त्या वेळी ती कुठं होती? मी तिला मुद्दाम खिचडीवाल्या मावशीकडे तांदूळ निवडायला पाठवलं होतं. फोटोत गोंधळ नको म्हणून. माझ्या जबाबदारीवर ठेवा म्हणणारी मी, फोटोच्या वेळी तिला बाहेर काढलं मी. पोतं नेताना ती मावशीजवळ पाठमोरी बसली होती. वही आठवली नाही असं नाही. आठवली. वाटलं, दहा मिनिटांनी सांगू.

फोटो झाला. पोरं वर्गाकडे पळाली, दाराशी बूट काढले. नवे म्हणून जपून काढले, तिनं शिकवल्यासारखे टाचा भिंतीकडे करून. तेरा जोड्या, सगळ्या काळ्या, सगळ्या सारख्या. मी आत फळ्यावर तारीख लिहीत होते.

ती आली आणि खाली बसली. मी दारातून बघितलं. एक बूट उचलला, उलटा करून तळ पाहिला, ठेवला. दुसरा उचलला, आत बोट घातलं, ठेवला. तिसऱ्याचा वास घेतला. मग परत पहिल्यापासून. तिनं तेराच्या तेरा जोड्या पाहिल्या. शेवटी तिनं मान वर केली आणि वर्गातल्या पोरांच्या तोंडाकडे बघितलं. मी तिला असं बघताना कधी पाहिलं नव्हतं. एकेकाच्या तोंडाकडे बघत होती आणि कुणीच ओळखू येत नव्हतं.

मग ती किंचाळली. बूट उचलून फेकायला लागली, अंगणात, छपरावर, जिथं जातील तिथं. पोरं आपापले बूट वाचवायला धावली. सगळ्यात पुढे तीच गुलाबी चपलेवाली. तिनं आपला बूट धरला, हिनं तिचा हात धरला, आणि चावली. रक्त आलं.

माझा हात उठला. हलका नाही, पूर्ण जोरानं, गालावर. आणि मी ओरडले, "समजत नाही का तुला?"

ती गप्प झाली. रडली नाही. मनगटही तोंडात घातलं नाही. माझ्याच आवाजात, तेवढ्याच रागात, बुटांकडे बघत म्हणाली, "समजत नाही का तुला."

दुसऱ्या दिवशी समिती बसली, त्याच कडुनिंबाखाली. सकाळीच मी पोतं रिकामं करून पोरांच्या चपला परत दिल्या होत्या, पण बघायला ती नव्हती. खरं सांगायचं तर लोक फार तापलेले नव्हते. चावलेल्या पोरीची आई तर म्हणाली, "लहान लहान लेकरं हायेत, होत राह्यते." अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, तुमीच सांगा. तुमच्या शबुदावर ठेवलं होतं."

सगळं माझ्या एका वाक्यावर होतं. मी म्हणायला हवं होतं की चूक तिची नाही, माझी आहे. चपला मी पोत्यात भरल्या, तिला मी बाजूला पाठवलं. पण ते सांगितलं असतं तर पुढचंही आलं असतं, की मी तिला मारलं. लेकरावर हात उचलला म्हणजे चौकशी. तीन वर्षं राहिली होती नोकरीची. पोरांपैकी कुणी घरी सांगितलं असेल का, या धास्तीनं माझी रात्र गेली होती. मी खाली मान घालून बसले.

तिच्या आईनं एकच विचारलं. "मॅडम, काई तं झालं असन. ते उगाच नाई चावत. काय झालतं?"

मी म्हणाले, "काही नाही. अचानक बिथरली."

नाव पटावर ठेवायचं, कारण नाव कमी करता येत नाही. लेकरानं घरी राहायचं, अभ्यास घरपोच. हेडसरांनी लिहिलं, मी सही केली. आईनं पोरीचा हात धरला आणि निघाली. फाटकापाशी पोरगी थांबून वर्गाच्या दाराकडे वळली होती, आईनं ओढून नेलं. अभ्यास द्यायला मी एकदाही गेले नाही. चौथीतल्या एका पोरीच्या हाती पाठवत राहिले.

रोज सकाळी तिच्या नावापुढे मी गैरहजर मांडायचे. चार-सहा आठवड्यांत पोरांचे बूट कुणाचे आखूड झाले, कुणाचे चिखलात गेले, आणि सगळे पुन्हा चपलांवर आले. पुन्हा एक इकडे, एक तिकडे. मी ओरडले नाही. ऊसतोडीची सहा पोरं परत आली आणि आपले गोटे शोधत होती.

बाबा आता नाहीत. असते तर त्यांना मी सांगितलं असतं का, हा विचार मी पुष्कळदा केला. नसतं सांगितलं. तोंड वर करून कसं सांगणार, की तुम्हाला ज्यांनी जोड्यांपाशी बसवलं ते मास्तर निदान तुम्हाला तिथं बसू तरी देत होते.

मे महिन्यात, शाळेला सुट्टी लागल्यावर, मी तिच्या घरी गेले. सांगायचंच ठरवून गेले होते. दुपार होती. ओसरीत पाच-सहा बायका सरगुंडे करायला जमल्या होत्या. काड्यांवर कणीक गुंडाळत होत्या आणि हसणं-बोलणं चाललं होतं. एकमेकींच्या घरी आळीपाळीनं जमतात त्या. दाराबाहेर त्यांच्या चपला. टाचा भिंतीकडे, मध्ये चार बोटांचं अंतर.

ती तिथंच बसली होती, दाराजवळ, सावलीत. थोडी वाळली होती. मी म्हटलं, "माय, कशी आहेस?" ती ओळीकडे बघत राहिली. मी घाईघाईनं चपला काढल्या आणि आत गेले. एक उलटी पडली तेही मला तेव्हा दिसलं नाही.

आईनं बसायला पोतं दिलं, पाणी दिलं. आता कामाला जाते का, विचारलं. म्हणाली, "कोठी जातो मॅडम. जवळच्याच वावरात, तेबी इले संग घेऊन. नाई तं कडी." मग मला राहवलं नाही. सगळ्या बायकांसमोर सांगितलं. चपला, पोतं, फोटो. मी तिला मारलं तेही. आईचे हात थांबले नाहीत, ती काडीवर कणीक गुंडाळत राहिली.

"मले माहीत होतं मॅडम," ती म्हणाली. "घरी आली तवा गालावर बोटं उठले होते."

"मग तुम्ही त्या दिवशी बोलल्या का नाहीत?"

"तुमी बोलसान म्हनून थांबली होतो."

तिचा आवाज चढला नाही. शिव्या दिल्या असत्या तर मी घेतल्या असत्या. मी म्हटलं, जूनमध्ये आणा तिला, मी समितीला सगळं सांगते, लिहून देते. ती म्हणाली, "पाहू." मग चहा केला. मी घेतला. तेवढ्यात अजून एक बाई आली, उशीर झाला म्हणून बाकीच्यांनी तिची चेष्टा केली, ती काड्या घेऊन बसली. मी उठले.

बाहेर आले. आत्ताच आलेल्या बाईच्या चपला ओळीत लागल्या होत्या, शेवटच्या जागी, टाचा भिंतीकडे. ती पोरगी गुडघ्यांभोवती हात बांधून ओळीशेजारी बसली होती. माझ्या चपला मी काढल्या होत्या तिथंच, वाटेत पडल्या होत्या. डावी आडवी. उजवी, काळ्या दोऱ्यानं शिवलेली, उलटी.

तिला माझ्या चपला ओळखू आल्या नाहीत असं मी स्वतःला समजावू शकले असते. ती माझ्याकडे बघत नव्हती, चपलांकडेही बघत नव्हती. मग मी वाकले, उलटी पडलेली माझ्याच हातानं सुलटी केली आणि पायात घातली.